जुनी इलेक्ट्रिक कार स्वस्तात मिळते, पण घ्यावी का? लाखनी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा वर्षभराचा अनुभव

लाखनी (प्रतिनिधी) : "नागपुरात साडेपाच लाखात इलेक्ट्रिक कार मिळून राहिली, घेऊ का जी?" असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कारण गावात सगळ्यांना माहीत आहे की मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी अशीच एक गाडी नागपुरातून आणली. २०२३ च्या सुरुवातीची, एका मालकाने वापरलेली, छोट्या इलेक्ट्रिक कारच्या अगदी पहिल्या खेपांमधली. आधीची पेट्रोल कार ऐंशी हजारात काढून टाकली आणि राहिलेल्या पैशाची सोय धानाच्या चुकाऱ्यातून केली. आतापर्यंत १३ हजार किलोमीटर झाले. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. ही जाहिरात नाही आणि तक्रारही नाही.

पहिली गोष्ट सांगतो. फोन करणारा प्रत्येक जण विचारतो, "एवरेज किती देते?" कोणी विचारत नाही की तुमच्या घरी अर्थिंग कशी आहे. आपल्या भागात या गाडीचं सुखदुःख एवरेजवर कमी आणि घरच्या लाईनवर जास्त अवलंबून आहे. पण त्याच्या आधी ही गाडी एवढी स्वस्त का मिळते ते समजून घ्या.

पहिल्या खेपेची गाडी म्हणजे काय

भारतात बॅटरीवरची कार नवीन नाही. बंगळूरच्या रेवा कंपनीने २००१ मध्येच दोन दारांची छोटी कार विकायला काढली होती. तीच गाडी लंडनमध्ये जी-विझ नावाने चालली. पण तिच्यात लेड-अॅसिड बॅटऱ्या होत्या, म्हणजे आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असतात त्याच जातीच्या. इन्व्हर्टरची बॅटरी तीन-चार वर्षांत कशी बसते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या गाड्यांचंही तसंच होत होतं. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी ताब्यात घेतली आणि २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची ई-टू-ओ आणली.

पुढची गोष्ट आपल्या शेजारची आहे, बऱ्याच जणांना आठवत असेल. २६ मे २०१७ ला नागपुरात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते इलेक्ट्रिक टॅक्सीचा प्रकल्प सुरू झाला. ओलाच्या २०० वाहनांचा ताफा होता आणि त्यात महिंद्राच्या १०० ई-टू-ओ प्लस कार होत्या. गाजावाजा मोठा झाला. वर्षही झालं नव्हतं तेव्हा चालक तक्रार करू लागले की चार्जिंगच्या रांगेत तासन् तास जातात आणि धंदा बुडतो. काहींनी गाड्या परत केल्या, काही डिझेलकडे वळले. कंपनी एका चार्जिंगमध्ये मॉडेलप्रमाणे ११० ते १४० किलोमीटर सांगत होती. नागपूरच्या उन्हात एसी लावून प्रवासी फिरवायचे म्हटल्यावर दिवसातून एकदा चार्ज करून भागणार नव्हतं. गाडी वाईट होती असं मी म्हणणार नाही. गाड्या जास्त आणि चार्जर कमी, अशी ती गत होती. ते मॉडेल पुढे बंदच झालं.

त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटची आणि कागदावर ३१२ किलोमीटर. सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही आली, तिची सुरुवातीची किंमत पहिल्या १० हजार ग्राहकांसाठी ८ लाख ४९ हजार होती. २०२३ मध्ये एमजीची कॉमेट आली. आज नागपुरात जुन्या म्हणून विकायला येतात त्या बहुतेक याच वर्षांतल्या गाड्या. भाव पडायचं कारण साधं आहे. नंतरच्या गाड्यांना बॅटरी मोठी मिळू लागली आणि नव्याच्या किमतीही उतरल्या, त्यामुळे जुनीला गिऱ्हाईक कमी. गाडी खराब असेल म्हणूनच स्वस्त आहे असं नाही. पण खराब असूनही स्वस्त असू शकते, आणि वरून पाहून ते कळत नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

घरची लाईन

माझ्या गाडीची बॅटरी २४ युनिटची. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचं तेच युनिट. गाडीसोबत येणारा चार्जर १५ अॅम्पियरच्या मोठ्या पॉवर सॉकेटमध्ये लावायचा असतो. तो सुमारे तीन किलोवॅट ओढतो आणि पूर्ण चार्ज व्हायला आठ-नऊ तास घेतो. म्हणजे दीड-दोन हजार वॅटचा गिझर रात्रभर लावून ठेवण्यापेक्षाही जास्त. आता तुमच्या वीजबिलावर "मंजूर भार" कुठे लिहिला आहे तो पाहा. आमच्याकडे एक किलोवॅट होता. महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज गाडी घेण्याच्या आधी करायला पाहिजे होता, मी नंतर केला.

गाडी घरी आणली त्या रात्री हौसेने चार्जर लावला. लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल दिवा. मला वाटलं फसलो. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "साहेब, तुमच्या घरात अर्थिंग नाही." मी म्हटलं, कसं नाही, तीन पिनचं सॉकेट आहे! दुसऱ्या दिवशी गावातल्या इलेक्ट्रिक फिटिंगवाल्या भावाने उघडून पाहिलं तर तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नव्हती. घर बांधून सतरा वर्षं झाली, फ्रिज चालला, कूलर चालला, कोणाला कळलं नाही. फ्रिजला अर्थिंग नसली तरी तो थंड करतो. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर चालूच होत नाही. तो आपल्या जिवासाठीच तसा बनवला आहे.

मग अंगणात खड्डा खोदून, पाईप टाकून, कोळसा-मीठ भरून नवीन अर्थिंग केली. मीटरपासून चार एमएमची वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी टाकला. मजुरीसकट नऊ हजारांच्या आसपास गेले. तपासायची पद्धत सोपी आहे, मल्टीमीटर असलेल्या फिटिंगवाल्याकडून करून घ्या. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या जवळपास दाखवलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अगदी कमी, दोन-तीन व्होल्टच्या आत. एप्रिल-मे महिन्यात जमीन वाळली की हीच अर्थिंग पुन्हा कमजोर होते. मी आठ दिवसांतून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकतो. आई म्हणते, तुळशीला कमी अन् गाडीला जास्त पाणी घालतो.

काही जण चार्जर चालू व्हावा म्हणून न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या पिनला जोडून देतात. चार्जर फसतो आणि हिरवा दिवा लागतो. हे कधीच करू नका. गावात कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल.

दुसरं, व्होल्टेज. उन्हाळी धान लागलं की संध्याकाळी आमच्या डीपीवर काय हाल होतात ते सांगायला नको. गावठाणाचा फिडर वेगळा असला तरी माझ्या घरी सातनंतर १७०-१७५ पर्यंत व्होल्टेज उतरतं. माझा चार्जर १८० च्या खाली गेला की थांबतो आणि लाईन सुधारली की कधी आपोआप सुरू होतो, कधी होत नाही. म्हणून आता मी रात्री अकरानंतर नाहीतर पहाटे लावतो. शेतावर जायला उशीर असेल तर दिवसा.

शेतीपंपाच्या लाईनवर? नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून बळीराजा योजनेत वीज मोफत आहे, मग गाडी बोअरवरच चार्ज केली तर? मंडळी, ते कनेक्शन पंपासाठी दिलेलं आहे. दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर होतो, आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शिवाय शेतीची लाईन आठ तास, तीही पाळीने. घरच्या मीटरवर घरची गाडी चार्ज करायला मात्र मनाई नाही. त्यासाठी वेगळं व्यापारी कनेक्शन घ्यावं लागत नाही.

सौर पंपाच्या प्लेटा आहेत त्यांनीही उगाच हात लावू नये. त्या प्लेटा पंपाच्या कंट्रोलरला जोडलेल्या असतात, त्यातून सरळ गाडी चार्ज होत नाही. घराच्या छतावर सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचे पॅनल लावले तर गोष्ट वेगळी. त्यावर ७८ हजार अनुदान आहे आणि चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज होते. म्हणजे ऐंशी-एक किलोमीटरचं चार्जिंग. पण लाईन गेली की छतावरची ही यंत्रणाही बंद पडते, भर उन्हातसुद्धा. बॅटरीचा वेगळा खर्च केला नाही तर तसंच राहणार.

खरंच किती चालते

आता एवरेज. कागदावर तीनशेच्या वर आहे. माझी १९० ते २०० चालते. मे महिन्यात एसी लावून चौघं बसलो तर १७०-१७५. बॅटरी २४ युनिटची असली तरी भिंतीतून २७ युनिट जातात, काही वीज चार्ज होताना उष्णतेत वाया जाते. म्हणून बिलाचा हिशोब युनिटला सात किलोमीटरने करा.

मी महिन्याला साधारण बाराशे किलोमीटर फिरतो. म्हणजे १७० युनिट. आमचं घरचं बिल आधी ११० युनिटच्या आसपास यायचं, आता २८० येतं. इथे लोक चुकतात. शंभर युनिटच्या वरचं युनिट महाग होतं आणि तीनशेच्या वर गेलं तर आणखी महाग. गाडीचे युनिट या वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून खालच्या दराने हिशोब लावू नका. युनिट बारा रुपये धरलं तरी १७० युनिटचे २,०४० रुपये होतात. हेच बाराशे किलोमीटर जुन्या पेट्रोल गाडीने, लिटरला १६ च्या एवरेजने आणि १०४ रुपये भावाने, ७,८०० ला पडत होते. पैशाची बचत आहे, त्यात शंका नाही. पण तुम्ही महिन्यात दोनशे-तीनशे किलोमीटरच फिरत असाल तर अर्थिंग, वायरिंग आणि गाडीचे पाच लाख कधी फिटायचे?

लाखनी, साकोली, भंडारा या रोजच्या फिरण्याला काहीच अडचण नाही. अडचण नागपूरची आहे. माझ्या गावातून नागपूर जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर होतात. थंडीच्या दिवसांत एका चार्जिंगमध्ये जमतं, उन्हाळ्यात जीव मुठीत धरून यावं लागतं. म्हणून नागपुरात फास्ट चार्जरवर अर्धा तास लावतो. महामार्गावर काही पंपांवर, हॉटेलांवर फास्ट चार्जर लागले आहेत, १० टक्क्यांपासून ८० टक्के व्हायला तासभर लागतो. दर घरच्यापेक्षा दीडपट-दुप्पट. प्रत्येकाचं अॅप वेगळं, आधी पैसे भरायचे आणि मोबाईलला नेटवर्क पाहिजे. दोनदा असं झालं की अॅपवर चार्जर चालू दिसला आणि जाऊन पाहिलं तर मशीन बंद. आता जाण्याआधी तिथे फोन करून विचारतो.

समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोल माफ केला आहे, पण तो महामार्ग नागपूरच्या पलीकडे सुरू होतो. आपल्या रस्त्यावर माथनी नाक्याला टोल लागतो.

फेब्रुवारीतली रात्र

हे लिहावं की नाही असा विचार केला, पण लिहिलंच पाहिजे.

फेब्रुवारीत एका रात्री आठला चार्जर लावून मी झोपलो. साडेआठच्या सुमारास व्होल्टेज उतरलं, चार्जर थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. मला पत्ता नाही. रात्री दीडला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना गाडीत घातलं, चावी फिरवली तर ३८ टक्के. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचलो तेव्हा २२ टक्के उरले होते. डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, नागपूरला न्या. भंडारा ते नागपूर ६० किलोमीटर. माझ्या गाडीत चाळीस-बेचाळीस किलोमीटरचा जीव. रस्त्यात कुठे चार्जर चालू असेल, रात्री तीनला कोण उठेल, काही भरवसा नव्हता.

१०८ ची अॅम्ब्युलन्स मिळाली, आम्ही वेळेत पोहोचलो, बाबांना स्टेंट टाकला, आज ते घरी आहेत आणि बांधावर जाऊन मलाच धान कसं लावायचं ते सांगतात. अॅम्ब्युलन्सनेच न्यायला पाहिजे होतं, त्यात ऑक्सिजन होता, माणूस होता. पण त्या रात्री दवाखान्याच्या दारात उभं राहून मोबाईलवर टक्के आणि किलोमीटरचा गुणाकार करत होतो, ते मी विसरलो नाही. पेट्रोल संपलं असतं तर शेजाऱ्याच्या मोटारसायकलमधून बाटलीभर काढता आलं असतं. करंट बाटलीत आणता येत नाही.

त्यानंतर घरात एक नियम केला. रात्री झोपताना गाडी ७० टक्क्यांच्या खाली ठेवायची नाही. चार्जर लावला की अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन पाहायचं. मुलाने मोबाईलमध्ये चार्जिंग थांबल्याचा मेसेज येईल असं करून दिलं. घरात म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई असेल आणि दुसरी कोणतीच चारचाकी नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की छोट्या बॅटरीची जुनी गाडी घेण्याआधी दहादा विचार करा.

घ्यायचीच असेल तर

पहिल्यांदा कागद पाहा. मोठ्या बॅटरीवर बहुतेक कंपन्यांनी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तेवढी हमी दिलेली असते. वर्ष गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून मोजतात. २०२० ची गाडी असेल तर हमी २०२८ मध्ये संपते. ती हमी दुसऱ्या मालकाला लागू आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. हमी संपल्यावर बॅटरी गेली तर तिचा खर्च गाडीच्या किमतीएवढा होऊ शकतो.

बॅटरीत किती दम राहिला याचा रिपोर्ट सर्व्हिस सेंटर काढून देतं. तो घ्याच, पण स्वतःही तपासा. मी गाडी १०० टक्के चार्ज करून मागितली आणि एसी लावून नागपूरहून भंडाऱ्यापर्यंत आणली. ६० किलोमीटरला ३१ टक्के गेले. हिशोब केला तर १९३ किलोमीटर. तेवढ्यावर मी सौदा केला. त्याच दिवशी दुसरी एक गाडी पाहिली होती, रंग नवीन, सीट नवीन, पण २५ किलोमीटरला २० टक्के खाल्ले. सोडून दिली.

अडीच-तीन लाखात आणखी जुनी गाडी कोणी दाखवली तर तिचं चार्जिंगचं तोंड पाहा. २०२० च्या आधीच्या कित्येक गाड्यांना फास्ट चार्जिंगचा सॉकेट वेगळ्या प्रकारचा होता. आता बहुतेक ठिकाणी सीसीएस-टू प्रकारची पिन आहे, ती त्यात बसत नाही. म्हणजे ती गाडी घरच्या सॉकेटवरच चार्ज होणार. आणि टॅक्सीत चाललेली असेल तर नंबर प्लेटवरून ओळखता येतं. इलेक्ट्रिक गाडीची प्लेट हिरवी असते, खासगीवर पांढरी अक्षरं आणि टॅक्सीवर पिवळी.

गाडीखालून वाकून पाहा. बॅटरी पोटाखाली असते. पांदण रस्त्यावर एकदा माझ्या गाडीचं पोट दगडाला घासलं, नशिबाने पत्र्यावर ओरखडाच आला. जोराचा मार लागला असता तर हमीही गेली असती. तेव्हापासून शेतात मोटारसायकलनेच जातो.

काही बारीकसारीक गोष्टी. रोवणीच्या महिन्यात गाडी वीस-बावीस दिवस उभी राहिली आणि मग चालूच होईना. गावातल्या मेकॅनिकने पाहून सांगितलं, "बॅटरी गेली भाऊ, लाखांचं काम आहे." घरात दोन दिवस कोणी जेवलं नाही धड. मग मुलाने पुस्तक वाचून शोधलं की या गाडीत साध्या कारसारखी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि तीच उतरली होती. चार हजारात काम झालं. दुसरं, धानाची पोती ठेवतो त्या खोलीजवळ गाडी ठेवू नका, उंदीर वायर कुरतडतात. जाड नारिंगी वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही, गावातल्या मेकॅनिकलाही लावू द्यायचा नाही. चार्जिंगच्या झाकणाचं लॉक बिघडलं तेव्हा तो छोटासा पार्ट यायला १९ दिवस लागले आणि प्रत्येक वेळी नागपूरला चकरा. आपल्या जिल्ह्यात या गाड्यांचे जाणकार अजून मोजकेच आहेत, हे धरून चाला.

"पाण्यात करंट मारते का?" हेही विचारतात. पावसात चार्ज करता येते, धुता येते. बॅटरीचा डबा बहुतेक आयपी-६७ दर्जाचा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा तपासलेला. पण २०२० मध्ये वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं होतं तसं दोन-दोन दिवस गाडी पाण्यात राहिली तर हा दर्जा कामाचा नाही. पुरातून काढलेली गाडी स्वतः चालू करू नका, टोचन करून सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी घेताना सीटखालची कार्पेट उचलून गाळ, गंज दिसतो का तेही पाहा.

आमच्या शेजारच्या काकांनी हे सगळं ऐकलं आणि तरीही गाडी पाहायला रविवारी नागपूरला जायचं ठरवलं आहे. मला सोबत चला म्हणाले. मी म्हटलं, आधी शनिवारी फिटिंगवाल्या भावाला घरी बोलावून अर्थिंग तपासा, मग चलतो. त्यांनी बोलावलं आहे.